बर्लिनच्या पलीकडचा ट्रेझेगे

विश्वचषक फायनलमधल्या चुकलेल्या पेनल्टींची चर्चा सुरू झाली की डेव्हिड ट्रेझेगेचं नाव येतंच. ९ जुलै २००६, बर्लिन. इटलीच्या पाचही जणांनी गोल केले. फ्रान्सकडून एकट्या ट्रेझेगेचा चेंडू आडव्या खांबाला लागून खाली आदळला आणि गोलरेषेच्या अलीकडेच राहिला. समोर उभा होता इटलीचा गोलरक्षक बुफॉन, युव्हेंटसमधला त्याचाच सहकारी. त्या फायनलमध्ये ट्रेझेगेला मैदानात उतरवलं होतं शंभराव्या मिनिटाला, रिबेरीच्या जागी. हे मात्र सांगायचं बहुतेक वेळा राहून जातं.

सहा वर्षं आधी रॉटरडॅममध्ये याच इटलीविरुद्ध युरो स्पर्धेची फायनल याच माणसाने संपवली होती. जादा वेळेत सहकारी पिरेसने डावीकडून चेंडू मागे दिला आणि ट्रेझेगेने डाव्या पायाने तो थेट जाळ्याच्या छतात मारला. गोल्डन गोलचा नियम होता, त्यामुळे सामना तिथेच थांबला. फ्रान्ससाठी ७१ सामन्यांत ३४ गोल करणाऱ्या या फॉरवर्डचं मोजमाप आपण एका आडव्या खांबावर करतो, हे मला मनापासून खटकतं. माझ्या लेखी त्याची खरी ओळख या दोन्ही फायनलमध्ये नाही. ती दुसऱ्या श्रेणीत काढलेल्या दोन हंगामांत आहे.

ट्रेझेगेचा जन्म १९७७ चा, फ्रान्समधल्या रुआँचा. त्याचे अर्जेंटिनी वडील तिथे फुटबॉल खेळत होते. बालपण मात्र गेलं ब्युनोस आयर्समध्ये. प्लातेन्से या छोट्या क्लबकडून पहिले सामने खेळून सतराव्या वर्षी तो मोनॅकोला आला, तेव्हा त्याची भाषा स्पॅनिश होती. कागदोपत्री मायदेशी परतलेला हा मुलगा तिथे पाहुणाच होता. तरी विसाव्या वर्षी तो विश्वविजेत्या संघात होता, आणि १९९८ च्या त्या स्पर्धेत इटलीविरुद्धच्या शूटआउटमध्ये त्याने आपली पेनल्टी बिनचूक मारली होती.

२००० मध्ये तो तुरीनला गेला आणि दहा वर्षं युव्हेंटसचा राहिला. १७१ गोल, त्या क्लबसाठी परदेशी खेळाडूने केलेले सर्वाधिक. पण आकड्यापेक्षा ते गोल कसे झाले ते पाहण्यासारखं आहे. ड्रिब्लिंग त्याचं साधारण, मधल्या फळीत येऊन खेळ रचण्याची हौस नाही. सामन्यात तो आहे हेच विसरायला व्हायचं. संघातल्या नेदव्हेदचा क्रॉस निघायचा, बचावपटूची नजर चेंडूकडे वळायची, आणि त्या क्षणी ट्रेझेगे त्याच्या पाठीमागून दुसऱ्या खांबाकडे दोन पावलं सरकलेला असायचा. उजवा पाय, डावा पाय, डोकं, जे जवळ असेल ते. चेंडू अडवून, सावरून मग मारणं जवळपास नाहीच. पहिल्याच स्पर्शात फटका. २००१-०२ मध्ये याच पद्धतीने २४ गोल करून तो इटालियन लीगचा संयुक्त सर्वाधिक गोल करणारा ठरला.

मग २००६ चा उन्हाळा आला. रेफरींच्या नेमणुकांवर दबाव आणल्याच्या प्रकरणात युव्हेंटसची दोन विजेतेपदं गेली, संघ दुसऱ्या श्रेणीत ढकलला गेला, वर गुणही कापले. इब्राहिमोविच आणि व्हिएरा इंटरकडे गेले, कॅनावारो माद्रिदला, थुराम आणि झाम्ब्रोटा बार्सिलोनाला. त्यांना दोष देण्याचं कारण नाही. खेळाडूची उमेदीची वर्षं मोजकी असतात. पण देल पिएरो, बुफॉन, नेदव्हेद, कामोरानेसी थांबले आणि ट्रेझेगेही थांबला. पहिले चौघे थांबले याचं कौतुक तुरीनमध्ये आजही होतं, ट्रेझेगेचं नाव त्यांच्या मागून येतं. बर्लिनची ती रात्र होऊन जेमतेम काही आठवडे झालेला हा माणूस इटलीच्या लहान गावांतल्या मैदानांवर उतरला आणि लीगमध्ये १५ गोल करून संघाला वर घेऊन आला. हंगाम संपताना करारावरून व्यवस्थापनाशी त्याचं बिनसलं होतं, तो जाणार असंच वाटत होतं. तरी राहिला, आणि परतीच्या वर्षी सर्वोच्च श्रेणीत २० गोल केले.

एकदा असं घडलं तर योगायोग म्हणता येईल. पण २०११ च्या जूनमध्ये ब्युनोस आयर्सचा रिव्हर प्लेट इतिहासात पहिल्यांदा खालच्या श्रेणीत घसरला. लहानपणापासून ट्रेझेगेचा आवडता क्लब. त्यानंतर तो अबुधाबीच्या बनियासकडे गेला होता. तिथला करार संपवून, चौतिशीत, दुखऱ्या शरीराने तो अर्जेंटिनाच्या दुसऱ्या श्रेणीत खेळायला गेला आणि अर्ध्या हंगामात १३ गोल केले. २३ जून २०१२ ला शेवटच्या सामन्यात अल्मिरान्ते ब्राउनविरुद्ध रिव्हर २-० ने जिंकला. दोन्ही गोल त्याचेच. रिव्हर विजेता म्हणून वर आला.

आपल्याकडे तो आला २०१४ मध्ये, सदतिसाव्या वर्षी. इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) त्या पहिल्या हंगामात युरो २००० जिंकलेल्या फ्रेंच संघातले तिघं आपल्या आसपास होते: मुंबईत अनेल्का, गोव्यात पिरेस, पुण्यात ट्रेझेगे. पुण्याच्या शर्टात त्याने दोन गोल केले, व्यावसायिक कारकिर्दीतले शेवटचे. २०१५ च्या सुरुवातीला तो निवृत्त झाला. एफसी पुणे सिटी हा संघही २०१९ मध्ये बंद पडला.

पोस्टरवरच्या नावासाठी आपण पैसे मोजले, त्या नावामागची कारागिरी मात्र शिकून घेतली नाही, अशी माझी तक्रार आहे. धावण्याचा वेग गेला होता, पण कुठे उभं राहायचं हे गेलं नव्हतं. ते इथल्या पोरांना शिकवून घेणं कराराचाच भाग असायला हवं होतं. भारतीय संघात सुनील छेत्रीनंतर गोल कोण करणार हा प्रश्न आज सगळे विचारतात. त्याचं एक छोटं उत्तर पुण्याच्या बालेवाडीत सराव करणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या फॉरवर्डना अजूनही देता येईल. प्रशिक्षकांनी त्यांना युव्हेंटसच्या २००१-०२ हंगामातले ते २४ गोल बसवून दाखवावेत, आणि प्रत्येक वेळी फटक्याआधीच चित्र थांबवून विचारावं: चेंडू अजून सहकाऱ्याच्या पायाशी आहे, मग ट्रेझेगे कुठे आहे?