तळघरातील बलोपासना

बेंगळुरूतील नोकरदारांच्या सोसायट्यांतून सध्या एका नव्या बलोपासनेचे वारे वाहत आहे. तळघरातील मोटारींच्या जागेपैकी काही भाग भिंत घालून वेगळा काढावयाचा, तेथे आरसे, ट्रेडमिल आणि वजनांची यंत्रे मांडावयाची, आणि त्यासाठी घरटी वर्गणी जमवावयाची, असा हा बेत. आमच्या वसाहतीतही तो मांडला गेला आहे. माझा त्याला विरोध आहे, आणि तो आळसातून आलेला नाही.

तळघर हे पाण्याचे घर आहे, हे या शहराने तरी विसरू नये. सप्टेंबर 2022 च्या पावसात येथील श्रीमंतांच्या वसाहतींतही पाणी शिरले. मे 2025 मध्ये बी.टी.एम. लेआउटमधील एका इमारतीच्या तळघरातले पाणी उपसताना विजेचा धक्का बसून दोघांचे प्राण गेले. त्यांत एक लहान मुलगा होता. दिल्लीकर वाचकांना जुलै 2024 मधील राजिंदर नगरची आठवण देण्याची गरज नाही. साठवणीसाठी मंजूर झालेल्या तळघरात वाचनालय चालविले, पाणी घुसले, आणि 3 विद्यार्थी बुडाले. अशा जागी विजेची यंत्रे मांडण्यास बलोपासना कसे म्हणावे?

यावर बेताच्या कैवाऱ्यांचे उत्तर तयार आहे: कोल्हापूरच्या तालमीतला हौदही खोलच असतो ना? उपमा ऐकावयास गोड आहे. पण तो हौद तेल, ताक, हळद आणि लिंबू घालून पोसलेल्या तांबड्या मातीचा असतो, आणि त्याच्या काठावर वस्ताद उभा असतो. जोर चुकला की पाठीवर त्याची थाप पडते. यंत्रापुढे असतो आरसा. तो चुकीचा जोरही कौतुकाने दाखवितो! बेंगळुरूच्या जुन्या पेटेतील गरडी मने म्हणजे येथल्या तालमीच, पण त्यांची वाट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

घरी व्यायाम करू नये, असे मी म्हणत नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्या सूर्यनमस्कारांचा आयुष्यभर प्रचार केला, त्यांना सतरंजीएवढी जागा पुरते. याच बेंगळुरूत हर्क्युलिस जिम्नॅशियम चालविणारे, 1930 मध्ये ‘मसल कल्ट’ लिहिणारे के. व्ही. अय्यर टपालाने व्यायामाचे धडे पाठवीत, आणि सूर्यनमस्कारांचा पुरस्कार करीत. (याच गृहस्थांनी कन्नडमध्ये ‘शांतला’ ही ऐतिहासिक कादंबरी लिहिली. आमचे साहित्यिक जिना चढतानाच धापा टाकतात!)

आपण बदलीची माणसे. तीन-चार वर्षांत हुकूम येतो. यंत्र येथेच गंजते आणि वर्गणी बुडते. नमस्कार मात्र बिऱ्हाडाबरोबर गुवाहाटीपर्यंत येतो.

तळघराच्या बाजूचा एकच मुद्दा मला वजनदार वाटतो: तालमीची दारे स्त्रियांना सहसा उघडी नसतात, त्यांनी जावे कोठे? त्याचेही उत्तर इमारतीतच आहे. गच्ची रिकामी पडली आहे. तेथे एक छप्पर, चार जोड मुद्गल, आणि स्त्री-पुरुषांना निरनिराळ्या वेळी शिकविणारा जाणता शिक्षक, एवढ्याचा खर्च येत्या सभेपुढे मांडावा. त्यासाठी माझी वर्गणी पहिल्याच दिवशी मिळेल. तळघरासाठी एक पैही मिळणार नाही.