सहा दिवसांत गद्दार

बापूमामा माझं लिखाण वाचतात, त्यामुळे आधीच सांगून टाकतो. मामा, हे तुमच्याबद्दलच आहे. रागावलात तर दिवाळीला येईन तेव्हा रागवा, फोनवर नको.

गोष्ट जून २०२४ ची. टी-ट्वेंटी विश्वचषक अमेरिका आणि वेस्ट इंडीजमध्ये चालू होता. ६ जूनला डॅलसला अमेरिकेने पाकिस्तानशी बरोबरी केली आणि सामना सुपर ओव्हरमध्ये गेला. अमेरिकेच्या १८ धावा झाल्या. पाकिस्तानला १३ वर रोखलं ते सौरभ नेत्रावळकर नावाच्या डावखुऱ्या गोलंदाजाने. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. हिंगोलीत मामांच्या बैठकीत आम्ही पाच-सहा जण जागे होतो. मामा खुर्चीतून उठून ओरडले, "मराठी पोरगं हाय ते! आपलं रक्त हाय!" मामींनी त्या अवेळी पुन्हा चहा टाकला.

मग १२ जूनला न्यूयॉर्कमध्ये भारत विरुद्ध अमेरिका. बैठक तीच, माणसं तीच. नेत्रावळकरने विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर शून्यावर घालवलं. पाठोपाठ रोहित शर्मा ३ वर गेला. खोलीत एकदम सामसूम. आणि मामा म्हणाले, "गद्दार लेकाचा!"

सहा दिवस! फक्त सहा दिवसांत आपलं रक्त गद्दार झालं.

मामा एकटेच असं बोलले असते तर मी हसून सोडून दिलं असतं. पण दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवरही हाच शब्द ऐकला. म्हणून जरा हिशेब मांडूया.

हा मुलगा मुंबईचा. २०१० च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात तो भारताकडूनच खेळला. के. एल. राहुल आणि जयदेव उनाडकट त्याच संघात होते. पुढे २०१३ मध्ये मुंबईकडून रणजीचा एक सामना मिळाला. एकच. मुंबईत गोलंदाजांची रांग केवढी असते ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे कोणी त्याच्यावर अन्याय केला असं मी म्हणणार नाही. पण जागा मिळाली नाही हे तर खरं? २०१५ मध्ये तो शिकायला कॉर्नेल विद्यापीठात गेला, ऑरॅकल कंपनीत इंजिनिअर म्हणून लागला आणि नोकरी सांभाळून पुन्हा खेळू लागला. भारताच्या संघाला लाथ मारून तो गेला नाही. ज्या घराने दार उघडलंच नाही ते घर सोडून गेल्याचा आळ त्याच्यावर कसा काय येतो?

आता खरी गंमत बघा. हाच माणूस दिवसा अमेरिकेतल्या कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहितो तेव्हा आपण म्हणतो, "पोराने नाव काढलं." संध्याकाळी तोच माणूस अमेरिकेसाठी चेंडू टाकतो तेव्हा म्हणतो, "गद्दार." माणूस तोच, देश तोच, आणि इथे शिकलेली विद्याही तीच. मातीचं ऋण जर असेल, तर ते कीबोर्डला माफ आणि चेंडूला लागू, असं कोणत्या शास्त्रात लिहिलंय?

मामांना दुखेल, तरीही लिहितो. ताईने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं तेव्हा आपल्या कायद्याप्रमाणे तिला भारताचं सोडावं लागलं. त्या दिवशी मामांनी गल्लीत पेढे वाटले. मीही दोन खाल्ले. क्रिकेटमध्ये तर दुसऱ्या देशाकडून खेळायला नागरिकत्वही लागत नाही, तिथे सलग तीन वर्षं राहिलं तरी चालतं. मग ताईला पेढे आणि त्याला शिव्या का?

लांब कशाला जायचं? पैनगंगा ओलांडली की विदर्भ. आपला जिल्हा क्रिकेटमध्ये पुण्याच्या महाराष्ट्र संघटनेखाली, आणि नदीपलीकडचं वाशीम, यवतमाळ नागपूरच्या विदर्भ संघटनेखाली. वसीम जाफर उभा जन्म मुंबईकडून खेळला, मग विदर्भात गेला आणि २०१७-१८ मध्ये विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला तेव्हा विजयी फटका त्याच्याच बॅटमधून निघाला. त्याला कोणी मुंबईद्रोही म्हटलं? नाही. खेळाडू जिथे जागा मिळते तिथे खेळतो, हे आपल्याला कळतं. फक्त मधे समुद्र आला की कळेनासं होतं.

हे दुखणं आपलं एकट्याचं नाही म्हणा. फुटबॉलमध्ये पोलंडची हीच तऱ्हा. मिरोस्लाव्ह क्लोझे आणि लुकास पोडोल्स्की दोघेही जन्माने पोलंडचे. लहानपणीच कुटुंबाबरोबर जर्मनीत गेले आणि जर्मनीकडून खेळले. २००८ च्या युरो स्पर्धेत जर्मनीने पोलंडला २-० हरवलं, दोन्ही गोल पोडोल्स्कीचे. गोल मारून त्याने जल्लोष केला नाही. तरी पोलंडमध्ये त्याच्यावर राग निघालाच. आणि त्याच स्पर्धेत पोलंडचा एकुलता एक गोल कोणी मारला? रॉजर गेर्रेरोने. हा ब्राझीलमध्ये जन्मलेला, आणि स्पर्धेच्या दोनच महिने आधी पोलंडचा नागरिक झालेला! आपला तिकडे गेला की गद्दार, तिकडचा इकडे आला की गुणी.

आपणही तेच करतो. इझुमी अराता जपानमध्ये जन्मला. जपानचं नागरिकत्व सोडून २०१३ मध्ये भारताकडून फुटबॉल खेळला. २०२५ मध्ये रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं. आपण टाळ्या वाजवल्या, आणि योग्यच केलं. मग तिकडे सिडनीत कोणी बापूमामा "गद्दार" म्हणाले असतील, तर ते बरोबर की चूक?

याची दुसरी बाजूही तेवढीच खोटी आहे. २०१७ मध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा "मराठी माणूस पंतप्रधान" म्हणून आपण नाचलो. वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, हे खरं. पण ते जन्मले डब्लिनला, आई आयरिश, आणि त्यांना मतं दिली तिथल्या लोकांनी. आपण काय केलं? आडनाव ओळखलं, एवढंच. ६ जूनच्या रात्री मामांनी जे "आपलं रक्त" म्हटलं तेही असंच फुकटचं होतं, आणि म्हणूनच ते सहा दिवसांत आटलं. ज्याच्या घडण्यात आपण काही घातलं नाही त्याच्या यशावर आपला हक्क नाही. आणि जिथे हक्क नाही तिथे फसवणूकही होत नाही.

कौतुक करू नका असं मी म्हणत नाही. कौतुक करा, पण मग ते १२ जूनलाही करा. कोहली बाद झाल्याचं वाईट वाटलंच पाहिजे, मलाही वाटलं. वाईट वाटणं वेगळं, आणि माणसाला नाव ठेवणं वेगळं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, ज्यासाठी हे लिहायला बसलो.

त्या संध्याकाळी मामांच्या फोनवर न्यूजर्सीहून ताई आणि तिचा मुलगा जोडलेले होते. भाचा तेरा वर्षांचा. तोही डावखुरा, तिथल्या क्लबात गोलंदाजी टाकतो आणि नेत्रावळकरसारखा रनअप घेतो. कोहली बाद झाल्यावर तो आनंदाने किंचाळला, आणि तेवढ्यात आजोबांचा आवाज त्याने ऐकला. मग त्याने मला हळूच विचारलं, "मामा, गद्दार म्हणजे काय?"

मी म्हटलं, "नंतर सांगतो."

मामा, उद्या हे पोर तिथल्या संघात निवडलं गेलं तर तुम्ही काय म्हणणार आहात? पेढे वाटणार, की तो शब्द वापरणार? ते पोर दर शनिवारी तुम्हाला फोन करतं, मोडक्या मराठीत का होईना, पण मराठीतच बोलतं. उद्या त्याने तुमच्यासमोर आवडत्या खेळाडूचं नाव काढायचं सोडलं, तर तुटेल ते आपलंच. क्रिकेटचं काही जाणार नाही.

असो. मी त्याला अजून अर्थ सांगितलेला नाही. तो तुम्हीच सांगा. शनिवारी फोन येईल तेव्हा एवढंच म्हणा, की तो शब्द चुकून निघाला होता. आणि मग त्याच्या रनअपबद्दल विचारा. त्याला फार आवडतं सांगायला.