भिंत बोलते, मग रंगवणारा मुका का?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सास्तूर परिसरात दगड-मातीच्या भिंतींनीच माणसे गाडली. भिंतीची किंमत इथल्या माणसाला सांगावी लागत नाही. पुढे नव्या भिंती उभ्या राहिल्या. शाळांच्या भिंती 'बोलक्या' झाल्या; विहारांवर बुद्ध-फुले-आंबेडकर रंगले. पण रंगवणाऱ्याचे नाव कुठे आहे? देणगीदाराचे नाव ठळक, उद्घाटकाचे त्याहून ठळक. ज्याने उन्हात शिडीवर उभे राहून चित्र काढले, त्याला मजुरी दिली की हिशेब संपला!

चित्रकाराचा मान कसा राखतात, हे गोव्यात पाहावे. लोटलीच्या मारिओ मिरांडा (१९२६-२०११) यांनी मुलांच्या पुस्तकांसाठीही चित्रे काढली. बालभारतीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून ती महाराष्ट्रातल्या मुलांपर्यंत पोहोचली. पणजीच्या बाजाराच्या भिंतींवर त्यांची चित्रे आहेत आणि ती 'मारिओची चित्रे' म्हणूनच ओळखली जातात. मारिओ मोठ्या घराण्यातले होते. त्यांच्या नावाला आधीच वजन होते. आमच्या वस्तीतल्या पेंटरच्या नावाला ते कोण देणार? ते काम आपलेच आहे.

ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. प्रताधिकार कायदा, १९५७ चे कलम ५७ सांगते की, प्रताधिकार दुसऱ्याला लिहून दिला तरी 'ही कृती माझी' असे म्हणण्याचा अधिकार कलावंताकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनातून १९७९ मध्ये उखडले गेले. ते थेट केंद्र सरकारविरुद्ध न्यायालयात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष परत करण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

बाबासाहेबांचे जीवन चित्रांतून सांगणारे 'भीमायन' हे इंग्रजी पुस्तक २०११ मध्ये आले. त्याच्या मुखपृष्ठावर लेखकांच्या बरोबरीने दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची नावे आहेत. नावासकट सन्मान तो हा.

श्रमिकाला निनावी ठेवणे ही जातिव्यवस्थेची जुनी खोड आहे. ती आपल्या विहाराच्या भिंतीवर तरी नको. येत्या १४ एप्रिलपूर्वी भिंत रंगवाल, मुलांसाठी पुस्तक काढाल, तेव्हा चित्रकाराचे नाव वाचता येईल एवढ्या अक्षरात लिहा. ते नाव वाचून वस्तीतले एखादे पोर उद्या ब्रश हातात घेईल.

जय भीम!