आज्ञाधारक यंत्र, चुकलेली आज्ञा

यंत्र बिघडले म्हणून विमान पडले, असे आपण सहज म्हणून जातो. पण यंत्राने सांगितल्याबरहुकूम काम केले आणि तरीही विमान पडले, तर दोष कोणाच्या माथी मारावा?

२९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात बोइंग ७३७ मॅक्स जातीची दोन विमाने कोसळली. ३४६ माणसे प्राणांस मुकली. या विमानांत ‘एमकॅस’ नावाची स्वयंचलित योजना होती. विमानाचे नाक समोरच्या वाऱ्याच्या मानाने फार उचलले गेले, की ते खाली आणायचे, हे तिचे काम. ही खबर तिला एका वेळी एकाच संवेदकाकडून मिळे. दोन्ही वेळा खबर खोटी आली आणि सॉफ्टवेअरने इमानेइतबारे पुन्हापुन्हा नाक खाली दाबले. वैमानिक वर खेचत होते, यंत्र खाली ढकलत होते!

विमानातील सॉफ्टवेअरची तपासणी मोठी कडक असते. २०११ सालच्या ‘डीओ-१७८सी’ या नियमावलीनुसार, ज्याच्या चुकीने विमानच गमवावे लागेल अशा सॉफ्टवेअरमधील प्रत्येक निर्णयाची प्रत्येक अट चाचणीने पारखावी लागते. महत्त्वाची तपासणी लिहिणाऱ्याने नव्हे, दुसऱ्याने करायची असते. असा सर्वनाशी बिघाड अब्ज तासांत एकदाही संभवू नये, ही अपेक्षा. अब्ज तास म्हणजे सुमारे १ लाख १४ हजार वर्षे! इतका काळ विमान उडवून कोण पाहणार? म्हणून कामाची एकेक पायरी तपासायची.

परंतु ही सारी तपासणी मुख्यतः एकच विचारते: लिहून दिले तसे सॉफ्टवेअर वागते काय? लिहून दिलेलेच चुकीचे असेल तर? ‘एमकॅस’ भलतीकडे वळली, तर वैमानिक सुमारे चार सेकंदांत ओळखून सावरेल, असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात या योजनेचे वर्णनही वैमानिकांच्या पुस्तिकेत नव्हते. तर्कशास्त्राच्या तासाला आपण शिकतो, की अनुमान वैध असले तरी आधारविधान असत्य असू शकते. तेच येथे घडले, फक्त किंमत माणसांनी मोजली.

त्यात भर अशी, की सरकारी तपासणीचा बराच भाग कंपनीच्याच नोकरांवर सोपवलेला होता. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने सप्टेंबर २०२० च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. आपलाच पेपर आपणच तपासायचा, असा हा प्रकार! कोणी म्हणेल, खरे जाणकार कंपनीतच असतात, सरकारने ते आणावेत कोठून? हे म्हणणे अगदीच खोटे नाही. जाणकारांनी आकडेमोड खुशाल करावी. पण ‘हे गृहीत कशावरून धरले?’ असे विचारून काम थांबवण्याचा अधिकार मात्र, विमान वेळेत विकले जाण्यात ज्याचा काडीचाही स्वार्थ नाही, अशाच्या हाती हवा.

आणि हा प्रश्न विचारायला अभियंताच असावे लागते, असे थोडेच आहे? भाषा आणि तर्क शिकणाऱ्यांनीही तो निःसंकोच विचारावा. विमानात आपणही बसतोच की!