झाडाचा छळ नक्की कोण करतं?

बोन्सायचा विषय निघाला की आपल्या लोकांची दोन वाक्यं ठरलेली असतात. एक, "बिचाऱ्या झाडाचा केवढा छळ!" आणि दोन, "घरात ठेवू नये हो, घराची वाढ खुंटते." एका ओळखीच्या घरासमोरचा जुना जुनिपर मालक काढून टाकणार आहेत, तो मी कुंडीसाठी आणतोय असं फोनवर सांगितलं, तर मावशी, काका आणि वहिनी अशा तिघांनी मिळून ही दोन्ही वाक्यं ऐकवली. फोनवर वाद घालून काही हाती लागत नाही, म्हणून इथे लिहितोय. तिघेही गुपचूप इथे येऊन वाचतात हे मला ठाऊक आहे :)

दुसऱ्या वाक्याचं उत्तर सोपं आहे. जुनिपर घरात ठेवायचाच नसतो. त्याला भरपूर ऊन लागतं आणि हिवाळ्यात थंडीची विश्रांतीही लागते. दिवाणखान्यात शोभेला ठेवला की तो मरतो, आणि मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवाच दिसत राहतो. तेव्हा या एका बाबतीत वास्तुशास्त्र आणि मी एकमताने झाड बाहेर ठेवतो. पुढचा मुद्दा.

आता छळ. इथे न्यू जर्सीत जुन्या घरांच्या भिंतीला लागून जुनिपरची झुडपं असतात, बहुतेक करून फिट्झर जातीची. लावताना ती गुडघ्याएवढी असतात. दरवर्षी कुणीतरी त्यांच्यावरून विजेची कात्री फिरवतं. त्यामुळे बाहेरून दाट हिरवा डबा तयार होतो, आत ऊन पोचत नाही आणि आतल्या फांद्या उघड्या पडतात. जुनिपरची गोची अशी की उघड्या पडलेल्या जुन्या लाकडातून त्याला सहसा नवी पालवी फुटत नाही. म्हणजे एकदा का झुडूप खिडकीवर किंवा पायवाटेवर आलं की ते कापून लहान करता येत नाही. कापलं तर तपकिरी सांगाडा उरतो. मग एक दिवस बुंध्याला साखळी बांधतात, दुसरं टोक पिकअप ट्रकला, आणि तीस-चाळीस वर्षांचं झाड पाच मिनिटांत उपटून निघतं. दुपारपर्यंत त्याचा भुसा झालेला असतो. रिकाम्या जागी नर्सरीतून काय आणतात? बऱ्याचदा दुसरा जुनिपर!

त्या साखळीच्या दिवशी "छळ" हा शब्द मी कुणाच्याही तोंडून ऐकलेला नाही. तेच झाड मुळांसकट जपून काढून कुंडीत लावलं, रोज पाणी घातलं, की मात्र मी कसाई.

पण या छंदातल्या काही मंडळींनाही सुनावलं पाहिजे. झाड वाचवतोय म्हणायचं, शनिवारी उपटायचं, रविवारी अर्ध्या फांद्या छाटून, तारा गुंडाळून फोटो टाकायचा. जूनपर्यंत झाड गेलेलं असतं, फोटो तेवढा राहतो. याला वाचवणं म्हणत नाहीत. वसंताच्या तोंडाशी, जमीन मोकळी झाल्यावर आणि नवी वाढ सुरू व्हायच्या आत खोदावं. खोडाजवळची बारीक मुळं जितकी मिळतील तितकी घ्यावीत. हिरवा पाला शक्यतो ठेवावा, कारण नवी मुळं धरायचं बळ जुनिपरला त्यातूनच मिळतं. जुनी माती एका दमात सगळी धुवून काढू नये. लाकडी खोक्यात, पाणी झरझर निघून जाईल अशा भरड मिश्रणात लावून घट्ट बांधावं, म्हणजे वाऱ्याने हलून नवी मुळं तुटत नाहीत. आणि मग निदान एक-दोन वर्षं हात आवरावा. ही दोन वर्षं ज्याला धीर नाही त्याने फावडं उचलू नये.

जपानीत डोंगरातून झाड आणण्याला यामादोरी म्हणतात. तिथल्या शिकोकू बेटावर आणि इतोइगावाच्या कड्यांवर जुन्या शिंपाकू जुनिपरसाठी लोक दोरावर लटकले, काही जण पडून मेले, आणि विसाव्या शतकात ते डोंगर जवळजवळ रिकामे झाले. तो खरा ओरबाडा. त्यापुढे अंगणातलं, उद्या भुसा होणारं झाड मालकाला विचारून आणणं (इथले लोक गमतीने त्याला यार्डादोरी म्हणतात) हे मला सगळ्यात निर्मळ वाटतं. पुण्यात पडायला आलेल्या वाड्याच्या भिंतीतून पिंपळाचं रोप काढून कुंडीत लावतात, त्याच जातीचं हे काम.

आणि कुंडीत झाड कुढतं म्हणणाऱ्यांसाठी एकच उदाहरण. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये एक पांढरा पाइन आहे. १६२५ पासून तो बोन्साय म्हणून जपला गेलाय. १९४५ साली तो हिरोशिमात होता, बॉम्बमधून वाचला, आणि १९७६ मध्ये जपानने अमेरिकेला भेट दिलेल्या ५३ बोन्सायमध्ये इथे आला. चारशे वर्षं उपासमार करून कुठलंही झाड जगत नाही. पिढ्यान् पिढ्या कुणीतरी रोज पाणी घातलंय, वेळेवर माती बदललीय.

म्हणून माझं म्हणणं इतकंच, की कुंडी केवढी ते पाहू नका. झाड मेलं तर जाब कुणाला विचारायचा, ते पाहा. घरासमोरच्या जुनिपरच्या बाबतीत तसा माणूसच नसतो. बोन्सायच्या बाबतीत असतो, आणि बाहेरगावी जाताना तो शेजाऱ्याला घराच्या किल्लीबरोबर पाण्याची झारीही देऊन जातो.

अमेरिकेतल्या ब्लॉगर मंडळींनो, शेजारच्या अंगणात साखळी आणि ट्रक दिसला तर आधी जाऊन विचारा. तुम्हाला नको असेल झाड, तर मला कळवा. तेवढंही करायचं नसेल, तर निदान छळाचं ते वाक्य परत ऐकवू नका.