मुलांनी रचलेली प्रेमदेवता

जबल अलीत २०२२ साली हिंदू मंदिर सुरू झाले. तेथे हात जोडणारी आपली मुले घरी खेळातल्या काल्पनिक राज्यासाठी प्रेमाची देवता रचतात. काही पालकांना ही देवाची थट्टा वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. मात्र नुसते रूप नको, पूजाही रचावी. जेजुरीचा खंडोबा पाहा. लोककथेत तो धनगराच्या बाणाईसाठी मेंढ्या राखतो, म्हाळसा रुसते. सवतींचे ते भांडण लग्नानंतरच्या जागरणात वाघ्या-मुरळी गातात. नवरा नवरीला उचलून गडाच्या काही पायऱ्या चढतो. प्रेमात कष्ट, रुसवा आणि एकमेकांचा भार असतो, हे त्या पूजेत आहे. तेव्हा पालकांनो, खेळ थांबवू नका. ही गोष्ट सांगा.