चुकीचे चलान मुकाट्याने भरू नये
(जुनवानी व परिसरातील मराठी वाहनमालकांसाठी पत्रक)

1955 च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या भिलाई इस्पात कारखान्याची वसाहत सेक्टरनिहाय, रुंद रस्ते आणि मोकळ्या जागा राखून आखली गेली. जुनवानी मात्र त्या आखणीच्या बाहेरचे गाव होते. पुढे त्याच गावात वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालये, रुग्णालय, मॉल आणि गृहसंकुले उभी राहिली, तरी वाहने उभी करण्याच्या जागेचा विचार त्या वेगाने झाला नाही. त्यामुळे रुग्णाला भरती करणाऱ्या नातेवाइकापासून मुलीला महाविद्यालयापाशी सोडणाऱ्या पालकापर्यंत कोणाचेही वाहन इथे क्षणभर रस्त्याकडेला थांबते, आणि काही दिवसांनी त्याच्या मोबाईलवर ई-चलान, म्हणजे वाहतूक नियमभंगाची संगणकीय नोटीस, येऊन पडते. ते चलान योग्य असेल तर भरलेच पाहिजे, कारण रुग्णवाहिकेची वाट अडवणाऱ्याची बाजू कोणीही घेऊ नये. परंतु जिथे मनाईचा फलकच नाही, किंवा छायाचित्रातील वाहन भलतेच आहे, तिथेही बहुसंख्य लोक निमूटपणे पैसे भरून मोकळे होतात, आणि या पत्रकाचा विरोध नेमका त्या निमूटपणाला आहे.

मोटार वाहन अधिनियम, 1988 हा कायदा नागरिकावर जशी कर्तव्ये टाकतो, तशी शासनाकडेही कामे सोपवतो. कलम 117 अन्वये राज्य शासनाने किंवा त्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याने स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून वाहने उभी करण्याची ठिकाणे ठरवायची असतात, तर कलम 116 हे निर्बंध लोकांच्या नजरेस आणणारी वाहतूक चिन्हे लावण्याविषयी आहे. वाहन उभे करण्यास मनाई दर्शवणारे चिन्ह म्हणजे लाल कडेचे निळे वर्तुळ व त्यावर एक तिरपी लाल रेघ. दोन रेघांची फुली असेल तर तिथे थांबण्यासही मनाई असते. चौक, पादचारी मार्ग किंवा दुसऱ्याचे प्रवेशद्वार अशा जागी फलक नसला तरी वाहन उभे करणे नियमबाह्यच ठरते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मात्र एरवी मोकळ्या असलेल्या रस्त्यावर केवळ फलकाच्या आधारे दंड आकारला जात असेल, तर तो फलक कोणत्या आदेशाने लागला आणि वाहन उभे केले त्या दिवशी तो दिसत होता का, हे सांगण्याची जबाबदारी दंड आकारणाऱ्यावरच येते.

चलान हातात येताच रकमेच्या आधी त्यावरील कलम वाचावे. धोकादायक किंवा अडथळा होईल अशा रीतीने वाहन उभे करण्यास मनाई करणारे कलम 122 मोडल्यास कलम 177 चा सर्वसाधारण दंड लागतो, आणि 1 सप्टेंबर 2019 पासून तो पहिल्या वेळी 500 रुपयांपर्यंत व त्यानंतर 1500 रुपयांपर्यंत आहे. वाहनचालन विनियमांचा भंग दाखवला असेल तर कलम 177-क नुसार तो 500 ते 1000 रुपये असतो. म्हणून कलमाचा उल्लेख नसलेले, किंवा पहिल्याच खेपेला वाढीव रक्कम मागणारे चलान तपासल्याशिवाय भरू नये. वाहन उचलून नेण्याचेही तसेच आहे: कलम 127 नुसार ते उचलण्याची किंवा चाकाला जॅमर लावण्याची परवानगी त्या हद्दीतील गणवेशधारी पोलीस अधिकाऱ्यानेच द्यायची असते, ठेकेदाराच्या माणसाला तो निर्णय स्वतःच्या मर्जीने घेता येत नाही.

कॅमेऱ्याने पकडलेल्या प्रकरणांत तर नागरिकाची बाजू आणखी भक्कम आहे. ऑगस्ट 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम 167-क समाविष्ट झाला आणि त्याच्या शहरांच्या यादीत रायपूर व कोरबा यांच्यासह भिलाईही आहे. या नियमानुसार यंत्राला दरवर्षी नूतनीकरण होणारे मान्यता प्रमाणपत्र लागते, कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी सूचना फलक असावा लागतो, नोटीस घटनेपासून पंधरा दिवसांत पाठवावी लागते, आणि तिच्यात गुन्हा व नंबरप्लेट स्पष्ट दाखवणारे छायाचित्र, दिनांक, वेळ, ठिकाण व मोडलेली तरतूद द्यावी लागते. यांतील एखादी गोष्ट नसेल तर ती उणीव लेखी मांडणे हा आडमुठेपणा नव्हे, कारण शासनाने स्वतःवर घालून घेतलेली शिस्त शासनाने पाळावी एवढेच त्यात मागितलेले असते.

लोक भांडत का नाहीत, याचे उत्तर उघड आहे. 500 रुपयांसाठी दुर्गच्या न्यायालयात खेटे घालायचे तर प्रत्येक खेपेला दिवसाची मजुरी बुडते. शिवाय कलम 200 अन्वये शमन शुल्क, म्हणजे तडजोडीची रक्कम, भरली की पुढील कारवाई थांबते, म्हणून चूक नसलेला माणूसही सुटका विकत घेतो. पण तसे केल्याने त्या जागेचा फलक, आदेश आणि छायाचित्र यांची तपासणी कधीच होत नाही, आणि पुढच्या महिन्यात त्याच जागी दुसऱ्याला तेच चलान मिळते. लोकअदालतीतील सवलतीलाही न्याय समजू नये. दोषी माणसाला ती दिलासा देते, पण निर्दोषाने अर्धी रक्कम भरली तरी ती नाहकच गेलेली असते.

चुकीच्या चलानाला विरोध करण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे परिवहन विभागाच्या ई-चलान संकेतस्थळावर, तसेच वाहतूक पोलिसांच्या कार्यालयात, स्वतःच्या छायाचित्रांसह लेखी हरकत नोंदवून पोच घेणे. दुसरी म्हणजे प्रकरण आभासी, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या, न्यायालयात गेले असल्यास तिथे रक्कम न भरता ‘लढवायचे आहे’ हा पर्याय निवडणे. मग ते हद्दीतील नियमित न्यायालयाकडे वर्ग होते. जुन्या चलानांबाबत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 514 ध्यानात ठेवावे: केवळ दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल सहा महिन्यांनंतर घेण्यास ते न्यायालयाला मनाई करते, जरी विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला असला तरी.

नागपूर-गोंदियाकडून आलेल्या कुटुंबांनी एक विशेष काळजी घ्यावी. वाहनाची नोंदणी महाराष्ट्रातील असेल तर नोटीस नोंदणीतल्या जुन्या पत्त्यावर व जुन्या मोबाईल क्रमांकावर जाते, आणि मुदत मालकाला न कळताच उलटते. म्हणून दोन्ही नोंदी वेळीच बदलून घ्याव्यात. चलानाच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी ॲपची फाईल मात्र कधीही उघडू नये, कारण ती बँक खाते रिकामे करणाऱ्यांची असते.

जुनवानीतील कोणकोणत्या रस्त्यांवर वाहन उभे करण्यास मनाई आहे, त्या प्रत्येक मनाईचा आदेश कोणत्या तारखेचा आहे, आणि पर्यायी वाहनतळ म्हणून कोणत्या जागा निश्चित झाल्या आहेत, ही यादी भिलाई महानगरपालिकेने व दुर्ग जिल्हा वाहतूक पोलिसांनी प्रसिद्ध करावी. ती प्रसिद्ध होत नसेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 खाली प्रत्येक गृहसंकुलातील एखाद्या रहिवाशाने तिची मागणी करावी. उत्तर तीस दिवसांत देणे बंधनकारक आहे, आणि मिळालेल्या आदेशाची प्रत हरकतीच्या अर्जाला जोडता येते.